इनोडीबी सारण्यांची पुनर्प्राप्ती

इनोडीबी सारण्यांची पुनर्प्राप्ती म्हणजे मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी या डेटाबेस प्रणालींचा सर्व्हर सुरू होईनासा झाला असता त्यातील सारण्यांमध्ये साठवलेल्या नोंदी परत मिळवण्याची प्रक्रिया होय. सारणीला व्यवहारात ‘टेबल’ असेच म्हटले जाते. इनोडीबी हे या प्रणालींचे साठवण इंजिन आहे. सारण्या डिस्कवर लिहिणे, त्या वाचणे आणि बिघाडानंतर त्यांना पुन्हा सुसंगत स्थितीत आणणे ही कामे ते करते.

सर्व्हर सुरू न होणे आणि माहिती नष्ट होणे या दोन वेगळ्या घटना आहेत. सर्व्हर बंद असतानाही नोंदी डिस्कवरील फाइलींमध्ये शाबूत असू शकतात. त्या वाचण्यासाठी लागणारा एखादा दुवा तेवढा तुटलेला असतो. कायमचे नुकसान पुष्कळदा मूळ बिघाडाने न होता त्यानंतर घाईने केलेल्या उपायांनी होते. म्हणून या प्रक्रियेत उपायांइतकाच त्यांचा क्रमही महत्त्वाचा असतो: आधी फाइलींची प्रत, मग कारणाचा शोध, त्यानंतर नोंदी बाहेर काढणे आणि शेवटी नव्या जागी डेटाबेसची उभारणी.

पार्श्वभूमी

मायएसक्यूएल ही प्रणाली १९९५ मध्ये प्रथम तयार झाली. मायकेल विडेनियस, डेव्हिड अ‍ॅक्समार्क आणि अ‍ॅलन लार्सन हे मायएसक्यूएल एबी या स्वीडिश कंपनीचे संस्थापक होते. सुरुवातीच्या काळात मायआयसॅम हे तिचे मुख्य साठवण इंजिन होते. ते वेगवान असले, तरी त्यात व्यवहारांची, म्हणजेच ‘ट्रान्झॅक्शन’ची सोय नव्हती. फिनलंडमधील हेइक्की तूरी यांनी विकसित केलेल्या इनोडीबी इंजिनामुळे ही सोय मायएसक्यूएलमध्ये उपलब्ध झाली. इनोडीबी बनवणारी इनोबेस ही कंपनी २००५ मध्ये ओरॅकलने विकत घेतली. मायएसक्यूएल एबी २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सकडे आणि सन २०१० मध्ये ओरॅकलकडे गेली. मायएसक्यूएलच्या ५.५ या आवृत्तीपासून इनोडीबी हे मूलनिर्धारित इंजिन झाले. मारियाडीबी ही मायएसक्यूएलमधून २००९ मध्ये फुटून निघालेली शाखा असून तिचे नेतृत्वही विडेनियस यांनीच केले.

इनोडीबीच्या पुनर्प्राप्तीमागील तत्त्व त्याहून जुने आहे. अनेक बदलांचा एक संच एकतर पूर्ण व्हावा किंवा मुळीच होऊ नये, ही व्यवहाराची कल्पना संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी सत्तरच्या व ऐंशीच्या दशकांत सविस्तर मांडली. त्यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. बिघाडानंतर लॉगच्या आधारे डेटाबेस पूर्वपदावर कसा आणावा, याची ‘एरीज’ नावाची पद्धत आयबीएममधील सी. मोहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केली. प्रत्यक्ष सारणीत बदल करण्यापूर्वी तो बदल लॉगमध्ये टिपून ठेवणे, हे या परंपरेचे सूत्र इनोडीबीतही पाळले जाते.

साठवणुकीची रचना

इनोडीबीतील सारणी ही एकच एक फाइल नसते. परस्परांवर अवलंबून असलेल्या अनेक फाइली मिळून ती आकाराला येते.

सारणीची फाइल: प्रत्येक सारणीच्या नोंदी सामान्यतः ‘आयबीडी’ हे विस्तारनाम असलेल्या स्वतंत्र फाइलमध्ये असतात. मायएसक्यूएलच्या ५.६ या आवृत्तीपासून ही पद्धत मूलनिर्धारित आहे. ही फाइल पानांमध्ये विभागलेली असते. एका पानाचा आकार बदललेला नसल्यास तो १६ किलोबाइट असतो. पानाच्या शीर्षभागात त्याचा क्रमांक, तपासणीबेरीज (चेकसम) आणि त्यावरील शेवटच्या बदलाचा लॉग-क्रमांक लिहिलेला असतो. नोंदी प्राथमिक कळीच्या क्रमाने एका वृक्षरचनेत मांडलेल्या असतात आणि दुय्यम निर्देशांक त्याच फाइलमध्ये वेगळे असतात.

सामायिक फाइल: ‘आयबीडेटा१’ या नावाच्या फाइलमध्ये संपूर्ण सर्व्हरसाठी लागणारी माहिती असते. जुन्या आवृत्त्यांत कोणती सारणी कोणत्या फाइलमध्ये आहे, तिचे स्तंभ कोणते, याचा इनोडीबीचा अंतर्गत कोश याच फाइलमध्ये असे. मायएसक्यूएल ८.० मध्ये हा कोश ‘मायएसक्यूएल.आयबीडी’ या फाइलमध्ये हलवण्यात आला आणि सारणीची रचना सांगणाऱ्या ‘एफआरएम’ फाइली रद्द झाल्या. मारियाडीबीत त्या अजूनही वापरल्या जातात.

रीडू लॉग: डेटाबेसमधील बदल सारणीच्या पानांत उतरण्यापूर्वी या लॉगमध्ये लिहिला जातो. जुन्या आवृत्त्यांत तो ‘आयबी_लॉगफाइल०’ व ‘आयबी_लॉगफाइल१’ अशा फाइलींत असे; मायएसक्यूएल ८.०.३० पासून त्यासाठी स्वतंत्र फोल्डर असते.

अन्डू लॉग: नोंदीचे बदलापूर्वीचे रूप येथे ठेवले जाते. अपूर्ण राहिलेला व्यवहार मागे घेण्यासाठी त्याचा उपयोग होतो.

‘लॉग’ या शब्दामुळे येथे एक घातक गैरसमज होतो. त्रुटी लॉग ही केवळ निरोपांची वही असून ती पुसल्याने सारण्यांना धक्का लागत नाही. रीडू लॉग मात्र डेटाबेसचाच भाग आहे. पूर्ण झालेल्या व्यवहारातील काही बदल एखाद्या क्षणी केवळ रीडू लॉगमध्येच असू शकतात. अशा वेळी तो पुसणे म्हणजे त्या नोंदी पुसण्यासारखेच ठरते.

स्वयंचलित पुनर्प्राप्ती

वीज गेल्यामुळे किंवा प्रक्रिया अचानक थांबवल्यामुळे सर्व्हर बंद पडला, तर पुढच्या वेळी सुरू होताना इनोडीबी स्वतःच पुनर्प्राप्ती करते. प्रथम ते शेवटचा तपासणीबिंदू शोधते. त्या बिंदूनंतर रीडू लॉगमध्ये टिपलेले बदल ते संबंधित पानांवर पुन्हा लागू करते. त्यानंतर अपूर्ण राहिलेले व्यवहार अन्डू लॉगच्या साहाय्याने मागे घेतले जातात. मोठा व्यवहार अर्धवट राहिला असल्यास या कामाला बराच वेळ लागू शकतो. सर्व्हर ‘अडकला’ असे समजून याच अवस्थेत तो पुन्हा पुन्हा बंद केल्यास प्रक्रिया लांबत जाते.

पान लिहिले जात असतानाच वीज गेल्यास त्याचा अर्धा भाग नवा आणि अर्धा जुना राहू शकतो. अशा ‘फाटक्या’ पानावर रीडू लॉगचे बदल लागू करता येत नाहीत. म्हणून इनोडीबी पान आधी एका राखीव जागेत लिहिते आणि नंतर त्याच्या मूळ जागी. मूळ जागेतील पान फाटलेले आढळल्यास राखीव जागेतील प्रत वापरली जाते. या व्यवस्थेला ‘डबलराइट’ म्हणतात.

ही संपूर्ण साखळी एका गृहीतावर उभी आहे: डिस्कने ‘लिहिले’ असे सांगितले, तर ते खरोखर लिहिलेले असावे. वीज गेल्यावर स्वतःच्या तात्पुरत्या स्मृतीतील मजकूर गमावणारी डिस्क हे गृहीत मोडते. दर व्यवहाराच्या शेवटी लॉग डिस्कवर उतरवण्याचे मूलनिर्धारित धोरण वेगासाठी शिथिल केले असल्यास बंद पडण्यापूर्वीच्या सुमारे एका सेकंदातील व्यवहार गमावले जाऊ शकतात.

सर्व्हर सुरू न होण्याची कारणे

स्वयंचलित पुनर्प्राप्ती असूनही सर्व्हर सुरू होत नसेल, तर त्याचे कारण त्रुटी लॉगमध्ये शोधावे लागते. कारणांचे ढोबळमानाने तीन गट पडतात.

पहिल्या गटात सारण्यांशी संबंध नसलेली कारणे येतात: डिस्क भरलेली असणे, डेटा फोल्डरची मालकी किंवा परवानगी बदललेली असणे, संरचना फाइलमध्ये चुकीची ओळ असणे, ३३०६ हे पोर्ट दुसऱ्या प्रक्रियेने व्यापलेले असणे किंवा जुनीच सर्व्हर-प्रक्रिया अद्याप चालू असणे. येथे सारण्यांना हात लावण्याची गरज नसते.

दुसऱ्या गटात सहायक फाइलींचे बिघाड येतात. उदाहरणार्थ, मारियाडीबीच्या १०.४ व पुढील आवृत्त्यांत वापरकर्त्यांची व अधिकारांची माहिती ‘अ‍ॅरिया’ या वेगळ्या इंजिनाच्या सारण्यांमध्ये असते. अ‍ॅरियाचा लॉग बिघडल्यास सर्व्हर सुरू होत नाही. पण त्या वेळी इनोडीबीतील सारण्या पूर्णपणे सुस्थितीत असू शकतात.

तिसऱ्या गटात इनोडीबीच्या फाइलींचे बिघाड येतात. पानाची तपासणीबेरीज न जुळणे, सामायिक फाइल किंवा रीडू लॉग नाहीसा होणे आणि डिस्क अथवा स्मृतीतील दोषामुळे पाने बिघडणे ही त्यांची उदाहरणे होत. ‘लॉग-क्रमांक भविष्यातील आहे’ अशा अर्थाचा संदेश दिसल्यास एखाद्या पानावरील क्रमांक सध्याच्या रीडू लॉगच्या पुढे गेलेला आहे, असे समजावे. लॉग पुसला गेल्याचे किंवा वेगवेगळ्या वेळच्या फाइली एकत्र ठेवल्याचे हे लक्षण असते.

पहिली कृती: प्रत

कोणताही उपाय करण्यापूर्वी सर्व्हरची प्रक्रिया पूर्ण थांबली आहे याची खात्री करून संपूर्ण डेटा फोल्डरची प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली जाते. या प्रतीत सारण्यांच्या फाइलींसह सामायिक फाइल, रीडू व अन्डू लॉग, बायनरी लॉग आणि संरचना फाइलही असावी लागते. केवळ आपल्या डेटाबेसचे फोल्डर उचलून ठेवणे पुरेसे नसते. पुढील सर्व प्रयोग प्रतीच्याही प्रतीवर केले जातात. मूळ फाइली जशाच्या तशा ठेवल्या जातात. डिस्कच निकामी होत असेल, तर फाइली एकेक वाचण्यापूर्वी संपूर्ण डिस्कची प्रतिमा घेणे श्रेयस्कर असते. त्यासाठी ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’सारखे साधन वापरले जाते, ते वाचता न येणारे भाग बाजूला ठेवून आधी वाचता येणारे भाग उतरवते.

या नियमाला एक अपवाद आहे. लिनक्सवर सर्व्हर चालू असताना त्याची एखादी फाइल चुकून पुसली गेली, तर सर्व्हर थांबवणे चुकीचे ठरते. प्रक्रियेने ती फाइल उघडी ठेवलेली असते, तोवर तिचा मजकूर डिस्कवर राहतो आणि ‘प्रॉक’ या फाइल प्रणालीतील त्या प्रक्रियेच्या नोंदीतून तो परत काढता येतो. त्यासाठी आधी सर्व लेखन थांबवावे लागते. प्रक्रिया संपताच हा मार्ग बंद होतो.

सक्तीची पुनर्प्राप्ती

बिघडलेली पाने किंवा लॉग यांमुळे सर्व्हर सुरू होतानाच कोसळत असेल, तर संरचना फाइलमध्ये ‘इनोडीबी फोर्स रिकव्हरी’ हे मूल्य देता येते. सुरू होताना करायच्या कामांपैकी काही कामे वगळण्याची सूचना त्यातून इंजिनाला मिळते. मूल्य ० असताना सर्व कामे नेहमीप्रमाणे होतात. मायएसक्यूएलमध्ये १ ते ६ या पातळ्यांचे अर्थ पुढीलप्रमाणे आहेत. वरच्या पातळीत खालच्या सर्व पातळ्यांचा समावेश असतो.

१ – बिघडलेले पान आढळले तरी सर्व्हर चालू राहतो. सारणी वाचताना असे पान ओलांडून पुढे जाण्याचा प्रयत्न केला जातो.
२ – पार्श्वभूमीवर चालणारी मुख्य प्रक्रिया आणि जुन्या नोंदींची साफसफाई थांबवली जाते.
३ – अपूर्ण व्यवहार मागे घेतले जात नाहीत.
४ – दुय्यम निर्देशांकांचे राखून ठेवलेले बदल त्यांत मिसळले जात नाहीत आणि सारण्यांची सांख्यिकी काढली जात नाही.
५ – अन्डू लॉग पाहिला जात नाही. त्यामुळे अपूर्ण व्यवहारही पूर्ण झाले असे मानले जाते.
६ – रीडू लॉगमधील बदल लागू केले जात नाहीत. पाने जुन्याच स्थितीत राहतात.

मारियाडीबीच्या नव्या आवृत्त्यांत काही पातळ्यांच्या वर्तनात फरक आहे, त्यामुळे वापरात असलेल्या आवृत्तीची माहितीपुस्तिका पाहणे आवश्यक ठरते.

सुरुवात नेहमी १ पासून केली जाते आणि सर्व्हर सुरू होईपर्यंत मूल्य एकेकाने वाढवले जाते. थेट ६ हे मूल्य देण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो, पण तो धोकादायक आहे. ४ आणि त्यापुढील पातळ्यांमुळे फाइलींचे कायमचे नुकसान होऊ शकते. जी माहिती पहिल्या पातळीवर अखंड मिळाली असती, ती सहाव्या पातळीवर विसंगत स्वरूपात हाती येण्याची शक्यता असते.

हे मूल्य शून्यापेक्षा अधिक असताना इनोडीबी नव्या नोंदी घालणे, बदलणे किंवा पुसणे नाकारते. ही अवस्था दुरुस्तीची नसून केवळ वाचनासाठी आहे. सर्व्हर अशा रीतीने सुरू झाला म्हणून डेटाबेस बरा झाला असे होत नाही. त्याच अवस्थेत तो चालू ठेवणे, किंवा मूल्य काढून टाकून जुन्याच फाइलींवर काम सुरू करणे, हे पुढच्या बिघाडाला निमंत्रण ठरते.

सारण्या बाहेर काढणे

सर्व्हर वाचण्यापुरता सुरू झाल्यावर ‘मायएसक्यूएलडम्प’ या साधनाने सारण्यांची रचना आणि नोंदी एसक्यूएल आज्ञांच्या स्वरूपात मजकूर फाइलमध्ये उतरवल्या जातात. सर्व डेटाबेस एकाच वेळी उतरवण्याऐवजी प्रत्येक सारणीची स्वतंत्र फाइल केल्यास फायदा होतो. एखाद्या बिघडलेल्या सारणीपाशी सर्व्हर कोसळला, तरी तोपर्यंत उतरवलेल्या सारण्या हाती राहतात आणि दोष नेमका कोठे आहे तेही कळते.

सारणीच्या मधल्याच काही पानांत दोष असेल, तर नोंदी दोन्ही बाजूंनी काढता येतात. प्राथमिक कळीच्या चढत्या क्रमाने वाचत गेल्यास दोषापूर्वीच्या नोंदी मिळतात आणि उतरत्या क्रमाने वाचल्यास दोषानंतरच्या. कळीच्या ठरावीक टप्प्यांनी वाचून गमावलेला भाग आणखी आवळता येतो. दोष केवळ दुय्यम निर्देशांकात असल्यास नोंदी मुळीच गमावलेल्या नसतात, कारण संपूर्ण नोंद प्राथमिक कळीच्या वृक्षात असते. डम्प नव्या ठिकाणी भरताना निर्देशांक आपोआप नव्याने बांधले जातात.

मायएसक्यूएलडम्प सारण्यांवरील ट्रिगर आपोआप उतरवते, परंतु साठवलेल्या कार्यपद्धती आणि नियोजित घटना वेगळ्या पर्यायांनी मागाव्या लागतात. वापरकर्ते व त्यांचे अधिकारही स्वतंत्रपणे टिपून ठेवावे लागतात.

यानंतर रिकाम्या फोल्डरमध्ये सर्व्हरची नव्याने स्थापना करून डम्प त्यात भरले जातात. नोंदींची संख्या, शेवटचे दिनांक आणि सारण्यांमधील परस्परसंबंध पडताळून पाहिल्यावरच नवा डेटाबेस वापरात आणला जातो. ५ किंवा ६ या पातळीवर काढलेल्या माहितीत अपूर्ण व्यवहारांचे अवशेष असू शकतात. पैसे एका खात्यातून वजा झाले पण दुसऱ्यात जमा झाले नाहीत, अशा प्रकारची विसंगती सर्व्हर दाखवून देत नाही. ती हिशेब जुळवूनच शोधावी लागते.

सुट्या आयबीडी फाइलींतून पुनर्प्राप्ती

सामायिक फाइल किंवा कोश नाहीसा झाला आणि हाती केवळ ‘आयबीडी’ फाइली उरल्या, तर ‘सारणी इंजिनात अस्तित्वात नाही’ अशा अर्थाचा १९३२ क्रमांकाचा संदेश मारियाडीबीत दिसतो. सारणीचे नाव यादीत दिसते, पण ती उघडत नाही. नोंदी फाइलमध्ये असतात. मात्र त्या फाइलची इनोडीबीच्या कोशात नोंद नसते.

मायएसक्यूएल ५.६ पासून उपलब्ध असलेल्या सोयीने अशी फाइल पुन्हा जोडता येते. प्रथम नव्या सर्व्हरवर मूळ सारणीशी तंतोतंत जुळणारी रिकामी सारणी तयार केली जाते. ‘डिस्कार्ड टेबलस्पेस’ या आज्ञेने तिची रिकामी फाइल काढून टाकली जाते. त्या जागी जुन्या फाइलची प्रत ठेवून तिची मालकी सर्व्हरच्या खात्याकडे दिली जाते. शेवटी ‘इम्पोर्ट टेबलस्पेस’ या आज्ञेने ती सारणीला जोडली जाते. जोडताना इनोडीबी प्रत्येक पानावरील ओळख-क्रमांक व लॉग-क्रमांक नव्या सर्व्हरशी जुळवून घेते. परकीय कळीने बांधलेल्या सारण्यांसाठी त्या कळीची तपासणी तात्पुरती बंद करावी लागते.

या मार्गाची मुख्य अट म्हणजे सारणीची रचना अचूक माहीत असणे. स्तंभांचा क्रम, त्यांचे प्रकार आणि नोंदीचे स्वरूप यांत फरक असेल, तर जोडणी फसते किंवा चुकीच्या नोंदी दिसतात. मायएसक्यूएल ८.० पासून रचनेचे वर्णन आयबीडी फाइलमध्येही ठेवलेले असते आणि ‘आयबीडी२एसडीआय’ या साधनाने ते वाचता येते. जुन्या आवृत्त्यांत एफआरएम फाइल, जुना डम्प किंवा संकेतस्थळाच्या आज्ञावलीतील सारणी तयार करणारा भाग यांचा आधार घ्यावा लागतो. रीडू लॉगमध्येच राहिलेले बदल या मार्गाने परत येत नाहीत.

फाइलच पुसली गेली असल्यास अखेरचा उपाय म्हणून डिस्कवरील इनोडीबीची पाने थेट शोधली जातात. इनोडीबीच्या प्रत्येक निर्देशांक पानात ‘इन्फिमम’ आणि ‘सुप्रीमम’ हे दोन शब्द असतात. पाने ओळखण्यासाठी या खुणेचा उपयोग होतो. मात्र फाइल पुसल्यानंतर त्या डिस्कवर इतर लेखन झाले, किंवा एसएसडीने मोकळी जागा ‘ट्रिम’ आज्ञेने साफ केली, तर हा उपाय उपयोगी पडत नाही.

झॅम्पमधील प्रचलित उपाय

विद्यार्थ्यांमध्ये या समस्येचा परिचय बहुधा झॅम्प या संचातून होतो. अपाचे फ्रेंड्स या प्रकल्पाचा हा संच अपाचे सर्व्हर, डेटाबेस आणि पीएचपी एकत्र पुरवतो. २०१५ पासून त्यात मायएसक्यूएलऐवजी मारियाडीबी असते. नियंत्रण पटलावर मात्र ‘मायएसक्यूएल’ हेच नाव दिसते. ‘मायएसक्यूएल अनपेक्षितपणे बंद झाले’ हा त्यातील नेहमीचा संदेश कारण सांगत नाही. त्यासाठी त्रुटी लॉग उघडून पाहावा लागतो.

झॅम्पमध्ये ‘बॅकअप’ नावाचे फोल्डर असते. त्यात वापरकर्त्याच्या सारण्यांची प्रत नसून स्थापनेच्या वेळची कोरी डेटा रचना असते. बिघडलेल्या डेटा फोल्डरचे नाव बदलणे, या कोऱ्या फोल्डरची प्रत ‘डेटा’ नावाने ठेवणे आणि तिच्यात जुन्या डेटाबेसची फोल्डरे व जुनी आयबीडेटा१ फाइल घालणे, हा उपाय सर्वत्र सांगितला जातो. अ‍ॅरियाच्या सहायक फाइली बिघडल्या असतील, तर तो अनेकदा यशस्वी होतो. कारण त्या फाइली कोऱ्या मिळतात आणि इनोडीबीचा कोश जुनाच राहतो. त्यात आयबीडेटा१ घालायची राहिल्यास मात्र कोश आणि सारण्या यांचा मेळ तुटतो आणि १९३२ क्रमांकाचा संदेश येतो. जुना रीडू लॉग सोडून दिल्यास त्यातील बदल गमावले जाऊ शकतात. जुने डेटा फोल्डर नाव बदलून न ठेवता पुसून टाकणे ही या उपायातील सर्वांत महाग चूक होय.

देवनागरी मजकुराची काळजी

मराठी मजकूर असलेल्या डेटाबेसमध्ये नोंदी परत मिळूनही त्या वाचता न येण्याचा धोका असतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीतील प्रत्येक वर्णचिन्ह तीन बाइट घेते. मायएसक्यूएल ८.० पूर्वी मूलनिर्धारित वर्णसंच लॅटिन-१ होता. त्यामुळे अनेक जुन्या संकेतस्थळांवर देवनागरी मजकूर लॅटिन-१ म्हणून घोषित केलेल्या स्तंभांत साठवला गेला. असा मजकूर डम्प करताना त्याचे यूटीएफ-८ मध्ये पुन्हा रूपांतर झाल्यास अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. त्यासाठी डम्प करताना जोडणीचा वर्णसंच लॅटिन-१ ठेवून बाइट जसेच्या तसे बाहेर काढले जातात आणि भरताना त्यांचा वर्णसंच यूटीएफ-८ असल्याचे घोषित केले जाते.

विंडोजवरील पॉवरशेलमध्ये बाणाच्या चिन्हाने डम्प फाइलकडे वळवल्यास ती यूटीएफ-१६ मध्ये लिहिली जाऊ शकते आणि मग ती सर्व्हरमध्ये भरता येत नाही. त्याऐवजी मायएसक्यूएलडम्पचा ‘रिझल्ट-फाइल’ हा पर्याय वापरला जातो.

अन्य इंजिने व प्रणाली

मायआयसॅम सारण्यांच्या नोंदी ‘एमवायडी’ आणि निर्देशांक ‘एमवायआय’ फाइलमध्ये असतात. ‘रिपेअर टेबल’ ही आज्ञा किंवा ‘मायआयसॅमचेक’ हे साधन वापरून त्या दुरुस्त करता येतात. इनोडीबीसाठी ‘रिपेअर टेबल’ लागू पडत नाही. मायआयसॅम सारणीचे फोल्डर उचलून दुसऱ्या सर्व्हरवर ठेवले की ती चालत असे. त्या जुन्या सवयीने इनोडीबीच्या फाइली हलवल्यामुळेही सारण्या ‘हरवतात’.

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये रीडू लॉगसारखे काम ‘वॉल’ नावाचा लॉग करतो. तो बिघडल्यास ‘पीजी_रिसेटवॉल’ या साधनाने सर्व्हर सुरू करता येतो. पण त्यानंतर लगेच डम्प काढून नव्या जागी डेटाबेस उभारावा, अशी सूचना त्याच्या माहितीपुस्तिकेत आहे. एसक्यूलाइटमध्ये बिघडलेल्या फाइलमधून नोंदी काढण्यासाठी ‘रिकव्हर’ ही आज्ञा असून तीही नव्या डेटाबेससाठी एसक्यूएल मजकूरच तयार करते. डेटाबेस फाइलशेजारची जर्नल फाइल पुसू नये, हा इशारा तेथेही दिलेला असतो. बिघडलेल्या फाइली वापरात न ठेवता त्यांतून माहिती काढून नवी रचना उभारणे, हे तत्त्व या तिन्ही प्रणालींत समान आहे.

बॅकअप आणि पडताळणी

वरील सर्व मार्ग बॅकअप नसल्यास किंवा जुना असल्यास वापरले जातात. चांगला बॅकअप आणि त्यानंतरचे बायनरी लॉग उपलब्ध असतील, तर आधी बॅकअप भरून मग ‘मायएसक्यूएलबिनलॉग’ने पुढचे बदल क्रमाने लागू करता येतात आणि बिघाडाच्या क्षणापर्यंत पोहोचता येते. मायएसक्यूएल ८.० मध्ये बायनरी लॉग मूलतः चालू असतो. मारियाडीबीत तो चालू करावा लागतो. दुसऱ्या सर्व्हरवर सतत उतरणारी प्रतिकृती ही बॅकअपची जागा घेऊ शकत नाही, कारण चुकून दिलेली पुसण्याची आज्ञाही तिच्यावर तितक्याच तत्परतेने लागू होते.

बॅकअप घेतला जातो एवढ्यावर विसंबता येत नाही, हे ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सेवेवर ओढवलेल्या प्रसंगातून दिसले. चुकीच्या सर्व्हरवर दिलेल्या आज्ञेने तिच्या मुख्य पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेसचे फोल्डर पुसले गेले. नियमित डम्प साधनाच्या व सर्व्हरच्या आवृत्त्या न जुळल्यामुळे अयशस्वी होत होते आणि त्याची सूचना देणारे ईमेल पोहोचत नव्हते. सुमारे सहा तासांपूर्वी अन्य कामासाठी घेतलेल्या डिस्क-प्रतिमेवरून डेटाबेस परत उभारण्यात आला. मधल्या काळातील नोंदी गमावल्या. कंपनीने या घटनेचा तपशील स्वतः प्रसिद्ध केला.

म्हणून बॅकअप ठरावीक काळाने वेगळ्या यंत्रावर प्रत्यक्ष भरून पाहणे हा पुनर्प्राप्तीचाच भाग मानला जातो. अशा चाचणीतून किती नोंदी परत येतात, किती वेळ लागतो आणि मजकूर वाचता येतो का, या तिन्ही गोष्टी बिघाडापूर्वीच समजतात.

हे सुद्धा पहा

मायएसक्यूएल
मारियाडीबी
पोस्टग्रेएसक्यूएल
एसक्यूलाइट
यूटीएफ-८